सह्या आधी, पत्र नंतर

सिंगापूरच्या हौगांग भागातल्या त्या अर्जाबद्दल कोणी विचारलं की मी एवढंच सांगत आलो, ‘सगळ्या ब्लॉकने मिळून केलं, मी फक्त लिहून दिलं.’ इथल्या मराठी माणसांच्या एका गणेशोत्सवात त्यासाठी शाल आणि नारळ देऊन माझा सत्कारही झाला. मी नारळ घेतला, घरी आणून फोडला आणि त्याची चटणी खाल्ली. या गोष्टीला बरीच वर्षं झाली. आता मला शहात्तरावं चालू आहे. ‘फक्त लिहून दिलं’ म्हणत मी जे झाकून ठेवलं, ते उघडं करायला मी फार उशीर केला आहे.

सिंगापूरला मी आलो तो एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात, ऑफिसच्या कामाला. पुढे इथलाच नागरिक झालो आणि इथेच निवृत्त झालो. यार्डात माझं काम कागदांचं. जहाजाची दुरुस्ती संपली की निरनिराळ्या खात्यांच्या सह्या गोळा करायच्या आणि सगळ्यात शेवटी वर लावायचं पत्र लिहायचं. माणसं कुठे क्रेनवर, कुठे जहाजाच्या पोटात. पत्र तयार होईपर्यंत थांबलं तर सह्या हाताला लागायच्या नाहीत. म्हणून सह्या आधी, पत्र नंतर. या पद्धतीने माझं कधी अडलं नाही आणि कोणाचं नुकसानही झालं नाही, कारण त्या पत्रात ‘सोबत कागद जोडले आहेत’ यापलीकडे काही नसायचंच.

आमच्या ब्लॉकसमोर, म्हणजे आम्ही राहतो त्या उंच इमारतीसमोर, रस्त्यापलीकडे, एक बंद पडलेली शाळा होती. तिथे एक नवं केंद्र होणार असल्याची नोटीस लागली. ज्यांच्या कामाच्या पासची मुदत संपली आहे, ज्यांचा परवाना मालकाने रद्द केला आहे, अशा परदेशी कामगारांना मायदेशी पाठवेपर्यंत तिथे ठेवणार होते. नोटिशीत शब्द सगळे मऊ होते. पण शाळेच्या कुंपणावर आणखी उंच कुंपण चढणार, हे चित्रात दिसत होतं.

ब्लॉकमध्ये लगेच कुजबूज सुरू झाली. आमच्या मजल्यावर एक निवृत्त चिनी मुख्याध्यापक राहायचे. सगळे त्यांना सर म्हणत. ते माझ्याकडे आले आणि वाक्याला ‘लाह’ जोडायच्या इथल्या लकबीत म्हणाले, “तू ऑफिसात जन्म काढलास. अर्ज तू लिही, लाह. माझं इंग्रजी फार शाळेचं आहे.”

नवव्या मजल्यावर एक मुलगी राहायची. मुलगी म्हणजे तिशी उलटलेली, वन-नॉर्थ या संशोधन-वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत संशोधक, मूळची नागपूरकडची. तिच्या घरात दारासमोरच बुद्धाची छोटी मूर्ती होती. माझ्या बायकोशी तिचं चांगलं जमलं होतं आणि दोघींमध्ये स्टीलचा एक डबा सतत वरखाली फिरत असायचा. आमच्याकडून थालीपीठ गेलं की तिकडून सांडग्यांची भाजी यायची. तो डबा रिकामा कधी जायचा नाही आणि यायचाही नाही.

रविवारी ती लिटिल इंडियात कामगारांना इंग्रजी शिकवायला जायची. तिचा एक विद्यार्थी गवंडी होता. परांचीवरून पडून त्याची कंबर मोडली. नुकसानभरपाईचा दावा चालू असतानाच मालकाने त्याचा परवाना रद्द केला. आलेला कागद त्याला वाचता आला नाही, मुदत उलटली आणि त्याला धरून ठेवलं. अर्जाचं कळल्यावर ती खाली आली आणि आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसली.

“काका, लोक म्हणतायत, इथे नको. मी म्हणते, कुठेच नको. नवी जागा बांधली की ती भरायला माणसं लागतात. माझा विद्यार्थी पळून जाणार होता का? त्याला धड चालता येत नाही.”

“मग त्यांना ठेवायचं कुठे?” मी विचारलं.

“दाव्याचा निकाल लागेपर्यंत मित्रांबरोबर, खोलीवर. हजेरी लावू दे हवं तर रोज.”

तिने एक परिच्छेद लिहून आणला होता. हे ब्लॉक ज्यांनी बांधले त्यांना या ब्लॉकच्या खिडक्यांसमोर कोंडून ठेवू नका, आणि दुसऱ्या कोणाच्या खिडकीसमोरही नको, असा त्याचा मथितार्थ. मी तो जसाच्या तसा मसुद्यात घातला. खरं सांगतो, तो वाचून मला माझाच अभिमान वाटला होता.

सह्यांसाठी आम्ही ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकमध्ये, टेबल मांडलं. तिथेच लोकांची लग्नं लागतात, तिथेच शोकसभा होतात. ती प्रयोगशाळेतून परस्पर यायची आणि माझ्याशेजारी बसायची. सही करताना मात्र तिचं पेन थांबलं. ती एम्प्लॉयमेंट पासवर होती. परदेशी माणसाने इथल्या सार्वजनिक भानगडीत नाव घालणं तिला परवडणारं नव्हतं. पासचं नूतनीकरणही तोंडावर आलं होतं.

सह्यांच्या कागदावर वर एकच ओळ होती, ‘सोबतच्या पत्राला आमचा पाठिंबा आहे.’

“काका, सोबतचं पत्र म्हणजे हेच ना? माझा परिच्छेद आहे ते?”

“हेच. मी आहे ना.”

तिने सही केली, पूर्ण नावाची आणि वळणदार.

अर्ज द्यायच्या आदल्या दिवशी सर दुपारी आले. हातात मसुद्याची प्रत होती आणि तिच्या परिच्छेदाभोवती पेन्सिलीचा गोल होता.

“माय फ्रेंड, हे काय आहे? कुठेच नको म्हणजे काय, त्यांना मोकळं सोडायचं? चौथ्या मजल्यावरची दोन कुटुंबं सह्या मागे घेणार म्हणतात. आपण सरकारला उपदेश करायला जातोय की शाळा वाचवायला?”

“ती शाळा बंदच आहे, सर.”

“तेच तर. बंद राहू दे.”

ते हसले, मीही हसलो. ते गेल्यावर मी कम्प्युटरपाशी बसलो आणि परिच्छेद काढला. त्या जागी मी लिहिलं की इथे म्हातारी माणसं आणि लहान मुलं राहतात, अशा लोकांचा वावर वस्तीजवळ असणं योग्य नाही, स्वच्छतेचा आणि सुरक्षिततेचा प्रश्न आहे, तरी ही सोय वस्तीपासून दूर करावी. हे शब्द सरांनी सांगितले नव्हते. ते माझ्यातूनच आले आणि फार सहज आले, एकदाही खोडावं लागलं नाही.

नवं पत्र मी जुन्या सह्यांवर ठेवलं आणि स्टेपलर दाबला. सह्या आधी, पत्र नंतर. फोन हाताशीच होता. ती काय म्हणेल हे ठाऊक होतं, म्हणून मी तो केला नाही.

संध्याकाळी आमच्या भागाचे खासदार लोकांना भेटायला बसतात. तिथे मी आणि सरांनी अर्ज दिला. काही महिन्यांनी कळलं की केंद्र इथे होणार नाही, दूर पश्चिमेला कारखान्यांच्या भागात होणार. ब्लॉकने व्हॉइड डेकमध्ये बी हून, म्हणजे तांदळाच्या परतलेल्या शेवया, आणि करी पफ मागवले. सरांनी माइक घेतला आणि ज्या पत्रामुळे हे झालं ते वाचूनच दाखवतो म्हणाले. त्यांचं वाचन मुख्याध्यापकाचं, प्रत्येक शब्द मागच्या रांगेपर्यंत पोचणारा.

ती नुकतीच कामावरून आली होती, गळ्यात ऑफिसचं कार्ड तसंच होतं. टाळ्या संपल्यावर तिने मला टपालपेट्यांपाशी गाठलं.

“काका, हे कधी बदललं?”

“अगं, शेवटच्या दिवशी. लोक सह्या मागे घेत होते. काम तर झालं ना आपलं?”

“माझी सही याच्यामागे जोडलीत?”

“कागद तेच होते.”

ती टपालपेट्यांवरच्या नंबरांकडे वळली. मग म्हणाली, “माझ्या आजोबांच्या गावात आमची घरं ओढ्यापलीकडे होती. का होती, ते तुम्हाला सांगायला नको. ‘वस्तीजवळ नको’ हे आमच्याकडे सगळ्यांनी ऐकलेलं आहे, काका. पण त्याखाली आमच्यापैकी कोणाची सही नव्हती. ती तुम्ही घेतलीत.”

मी त्यावर जे बोललो ते आजही जसंच्या तसं आठवतं. मी म्हणालो, “तू उगाच मनाला लावून घेतेस.”

घरी बायकोने माझ्या तोंडून सगळं काढून घेतलं. ती ओरडली नाही. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “अहो, जा वर. लिहायला बसलात की हात थांबत नाही तुमचा, आणि दोन शब्द बोलायला लिफ्ट सापडत नाही?” मी गेलो. नवव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं. तिच्या दाराबाहेरच्या चपला दिसल्या. मी तळमजल्याचं बटण दाबलं.

पुढे एका रविवारी मी एकटाच ते नवं केंद्र बघायला गेलो. आधी एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, मग बस, मग दुसरी बस. शेवटच्या थांब्यावर उतरलो तर दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या भिंती, मध्ये नवंकोरं कुंपण, आणि एकही खिडकी समोर नाही. मी मागितलं होतं तसंच सगळं होतं. बसथांब्याच्या बाकावर बसून मी मनात वाक्यं जुळवत होतो, आणि फाटकाकडून छत्री घेऊन तीच आली.

“काका? तुम्ही इकडे?”

“चुकीच्या बसमध्ये चढलो,” मी म्हणालो.

तिला ते पटलं की नाही, कोण जाणे. ती शेजारी बसली आणि म्हणाली, “याच बसने परत फिरा. मी सांगते कुठे उतरायचं.”

“भेट झाली का तुझ्या विद्यार्थ्याची?”

“नाही. दुसरी बस चुकली. पोचले तर वेळ संपली होती. गेल्या रविवारीही तसंच झालं. इथे आणल्यापासून एकदाच भेटलाय. तुम्ही का येत नाही, असं विचारत होता.”

बस आली. तिने मला खिडकीची जागा दिली. बस बदलायच्या स्थानकावर, इंटरचेंजला, मला हाताला धरून उतरवलं, पुढच्या बसचा नंबर दोनदा सांगितला आणि मी चढेपर्यंत उभी राहिली. एवढ्या वेळात माझ्या तोंडून निघालं ते फक्त, “ऊन फार आहे आज.”

त्या विद्यार्थ्याला दाव्याचा निकाल लागण्याआधीच परत पाठवलं, हे मला बायकोकडून कळलं. वर्षभरात तीही देश सोडून गेली. पासचं काय झालं, स्वतःहून गेली की जावं लागलं, हे विचारायचा धीर मला झाला नाही. निघायच्या दिवशी सकाळी ती डबा द्यायला आली. मी आतल्या खोलीत पेपर उघडून बसलो होतो. दारात दोघी हळू बोलल्या, बायको रडली असावी. नंतर स्वयंपाकघरात गेलो तर डबा ओट्यावर होता. मी झाकण उघडलं. घासून लख्ख पुसलेला होता, आणि आत काही नव्हतं.

तो डबा आम्ही नंतर कोणाकडे पाठवला नाही.

तिचा पत्ता बायकोकडे आहे. दर दिवाळीला तिला पत्र लिहिताना बायको म्हणते, दोन ओळी तुमच्याही घाला. मी ‘शुभेच्छा’ लिहितो. जन्मभर दुसऱ्यांच्या सह्यांवर पत्रं लिहिली. माझ्या एकट्याच्या सहीचं हे पत्र काही लिहून झालं नाही. बसथांब्यावर जुळवलेली वाक्यं मात्र अजून पाठ आहेत. ती अशी:

मुली, ते शब्द लोकांचे नव्हते, सरांचेही नव्हते. माझे होते. तू मला विचारलं होतंस, पत्र हेच ना, आणि मी हो म्हणालो होतो. तुझी सही मी चोरली आणि तुझ्या विद्यार्थ्याला तुझ्यापासून दूर नेऊन ठेवलं. माझं चुकलं. मला माफ कर.