साडूंच्या अक्षरातली हरकत

माझ्या साडूंनी उभ्या आयुष्यात परवानगीवाचून एकही गोष्ट केलेली नाही. कर्वेनगरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत कपड्यांची दोरी बांधताना त्यांनी खालच्या मजल्यावरच्यांकडून ‘पाणी ठिबकण्यास हरकत नाही’ असं सहीनिशी लिहून घेतलं. तो कागद अजून फायलीत आहे. पंगतीत कोणी जिलबीचा आग्रह केला, तर शांतपणे विचारतात, ‘अहो, यजमानांना विचारलंत का?’ दोष त्यांचा नाही. आपल्या कंपनीच्या कारखान्यांना सरकारी परवानग्या मिळवून देण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली. एकोणीस कारखान्यांच्या भूमिपूजनाला ते मागच्या रांगेत उभे राहिले. विसावा सगळ्यांत मोठा, त्याला वीज आणायलाच अकरा टॉवर. निवृत्तीला सहा महिने उरलेले. ‘या वेळी नारळ तुम्हीच फोडा,’ असं मोठ्या साहेबांनी कबूल केलं होतं आणि साडूंनी त्यासाठी नवा कोट शिवून ठेवला होता.

कारखाना होणार त्या गावात जनसुनावणी होती. साडूंची गाडी बंद, म्हणून मीच त्यांना घेऊन गेलो. मांडवात कोणी हरकतच घेईना. कंपनीची बाकीची माणसं खूश, साडू मात्र अस्वस्थ. ‘एकही हरकत नाही म्हणजे नकाशा कोणी बघितलेलाच नाही,’ म्हणत ते नकाशा घेऊन रांगेरांगेतून फिरले. शेवटच्या रांगेतल्या एका आजींच्या विहिरीवरच चौथा टॉवर येत होता. त्यांना लिहिता येत नव्हतं. साडूंनी खुर्ची ओढली, त्यांची हरकत साडेतीन पानं लिहून काढली आणि वाचून दाखवली.

‘पर तुमी कंपनीचंच हाय न्हवं?’ आजींनी विचारलं.

‘आहे ना. पण अक्षर बरं आहे.’

विहिरीला वळसा घालताना अकराचे तेरा टॉवर झाले. परवानगी आठ महिन्यांनी आली, तेव्हा साडू घरी मटार सोलत होते. भूमिपूजनाचं त्यांना आमंत्रणही आलं नाही. कोट त्यांनी माझ्या मुलाच्या लग्नात वापरला.

आता कारखाना सुरू झाला आहे. गेल्या रविवारी मी त्यांना दाखवायला नेलं, तर गेटवरच्या वॉचमननं पास मागितला. मी हुज्जत घालू लागलो. साडूंनीच मला मागे ओढलं. ‘बरोबर आहे त्याचं. आपल्याकडे परवानगी कुठे आहे?’

परतताना, विजेची लाइन जिथे वळते तिथे त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. विहिरीवर मोटर चालू होती.

‘सरळ गेली असती, तर नारळ माझ्या हातात होता,’ ते म्हणाले.

‘आजींना भेटून यायचं का?’

‘न विचारता कसं जायचं?’

मग बांधाच्या अलीकडेच उभे राहून, मोटर बंद होईपर्यंत, ते पाटातलं पाणी बघत राहिले.