वीराच्या दगडापाशी उतरायचं

झुंबरबाईच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. गाव सोडून धुळ्याच्या सडकेला लागलं की उजाड माळावर वीराचा जुना दगड उभा होता. त्यावरचा घोडेस्वार झिजून नुसता फुगवटा उरलेला. पण त्याला शेंदूर लावायचा मान तिच्या सासरचा. आणि नियम असा की, दगड आला की बाईमाणसानं गाडीतून उतरायचं, पुढच्या नाल्यापर्यंत अनवाणी चालायचं, नाही तर वीर जीव घेतो. विधवा झाल्यावर बाई रोज तिथं जाऊन बसायला लागली, आणि मग काय विचारता! मामलेदाराची बायको उतरवली. झुलाल गाडीवानाची बायको तापानं फणफणलेली, तिलाही उतरवलं. झुलालनं हात जोडले तर म्हणाली, "नियम बठ्ठासले शे." सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना.

पुढं तिची एकुलती लेक बेबा बाळंतपणाला आली आणि अडली. पोर आडवं, सुईणीनं हात टेकले. धुळ्याच्या दवाखान्यात नेल्याशिवाय गत नव्हती, आणि गाडी मिळाली ती झुलालचीच.

दगडाशी त्यानं बैल थांबवले. "अक्का, तूच सांग. हाकू का उभी करू?"

त्यात सूड होता हो, होताच. पण ती 'हाक' म्हणाली असती तर त्यानं बैल पळवले असते. इतका काही तो नीच नव्हता. बेबानं आईचा पदर धरला. "माय, माले चालता नही येस. हाकाले सांग."

झुंबरबाईनं दगडाकडे पाहिलं. देवाला चुकवून नेली तर लेक दवाखान्यातही मरेल, हे भय तिच्या हाडीमाशी भिनलेलं. बया जन्मभर दुसऱ्यांना घातलेली भीती स्वतःच खाऊन बसली होती! तिनं लेकीच्या काखेत हात घातले आणि तिला खाली ओढलं.

बेबा नाल्यापर्यंत पोचली. तिथं बसली ती उठली नाही. पोटातलं पोरही गेलं.

गावाला वाटलं, आता बाई मऊ पडेल. छे! आणखी कडक झाली. मग सन पस्तीसच्या सुमारास सडक रुंद करणाऱ्यांनी दगड उपटून नाल्यात ढकलला. गावात कुणी हूं की चूं केलं नाही. उलट बायका सुटलो म्हणून हसल्या. सर्व्हिस मोटार सुरू झाली आणि त्याच बायका लेकरं मांडीवर घेऊन तिथून भुर्रकन जाऊ लागल्या.

झुंबरबाई रोज सडकेच्या कडेला उभी राहायची. लोक म्हणत, खुळी झाली. खुळी कुठली! मोटार समोरून गेली की ती मनात एकच मागणं मागायची: उलटू दे. एक तरी बाई मरू दे, म्हणजे बेबाला उतरवलं ते बरोबर होतं.

आणि मोटार रोज संध्याकाळी भरलेली, धडधाकट परत यायची.