काच धुवायचा पंप आणि मी

उमरग्याच्या अलीकडं एक मालट्रक आम्हाला मागं टाकून गेला आणि रस्त्यावरचा सगळा चिखल आमच्या काचेवर उडाला. मी वायपरची दांडी ओढली. पंपाची मोटार घुंघुं करत राहिली, पण पाण्याचा थेंब आला नाही. कोरड्या वायपरनं चिखल आणखीच फासला. समोरचं दिसेना. खिडकीतून डोकं बाहेर काढून मी गाडी कशीबशी कडेला घेतली. शेजारी सासूबाई होत्या. त्यांचा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला डोळा दाखवायला चाललो होतो. प्यायच्या पाण्यानं काच धुऊन आम्ही दवाखान्यात गेलो आणि तशाच लोहाऱ्याला परत आलो.

घरी ऐकून मोठे दीर म्हणाले, "म्हणून सांगतो, बायकांनी हायवेला गाडी न्यायची न्हाय. आता जीपनं जायचं." आणि चावी खिशात टाकली.

"भाऊजी, पंप बंद पडलाय. त्यात बाईचा काय संबंध?"

नवरा पुण्याला नोकरीला. फोनवर म्हणाला, "दादा म्हणतोय तर राहू दे. मी आलो की गॅरेजला दाखवू." तो येणार दिवाळीला. पुढच्या आठवड्यात परत डोळा दाखवायचा होता, आणि कोंबून भरलेल्या जीपमध्ये धूळ खात सासूबाईंना नेणं मला मंजूर नव्हतं.

सकाळी चहा देतानाच मी हात पुढं केला. "चावी द्या. मी दुरुस्त करते."

दीर हसले. "कर. मोडलीस तर नवऱ्याला तूच सांग."

मोबाईलवर व्हिडिओ बघून ठेवला होता. बॉनेट उघडून काचेकडं जाणारी नळी काढली आणि सासूबाईंना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. त्या तिथं पहिल्यांदाच बसत होत्या.

"आत्याबाई, ओढा दांडी."

मोटार वाजली, नळी कोरडीच. म्हणजे अडलंय खालीच. मग पुढचं चाक पूर्ण वळवून त्याच्या वरचं प्लास्टिकचं आवरण सोडवलं. आत पाण्याची टाकी आणि तिच्या बुडाला रबरात दाबून बसवलेला अंगठ्याएवढा पंप. चावी बंद करून वायर काढली, पंप ओढला, तसं टाकीतलं सगळं पाणी माझ्या कोपरावरून पदरात. भिंतीवरून शेजारीण बघत होती. बघू दे म्हटलं.

पंपाच्या जाळीवर पांढरा, बुळबुळीत गोळा बसला होता. काच चकाचक निघते म्हणून दीर टाकीत मूठभर धुण्याची पावडर टाकायचे. बोअरच्या खाऱ्या पाण्यात तिचा हा लगदा झाला होता. दीर ओट्यावरच होते. मी तो गोळा तळहातावर घेऊन त्यांच्यासमोर धरला.

"ही तुमची पावडर, भाऊजी."

त्यांनी तोंड फिरवलं.

जुन्या ब्रशनं जाळी घासली, टाकी दोनदा खळबळून धुतली, रबर ओलं करून पंप दाबून बसवला, वायर आणि वरची नळी परत जोडली. फिल्टरचं पाणी भरलं. सासूबाईंनी दांडी ओढली. बॉनेटवरच्या एका भोकातून धार आली, दुसरं गप्प. त्यात टाचणी फिरवली आणि पुन्हा ओढायला लावली. दोन्ही धारा काचेवर आदळल्या. सासूबाई आतून ओरडल्या, "आलं, आलं!" आणि दांडी सोडेचनात.

"तरी एकदा गॅरेजला दाखव," दीर म्हणाले.

"दाखवणार न्हाय. चालतंय."

पुढच्या आठवड्यात मीच सासूबाईंना उमरग्याला नेलं. डोळा बरा होता. परत आल्यावर त्यांनी ओट्यावरूनच जाहीर केलं, "आता तुळजापूरला जायचं. लई दिवस झाले देवीला."

"मी नेतो की," दीर म्हणाले.

"ती नेती. तुला यायचं तर मागं बस."

ते आले नाहीत. आम्ही दोघीच गेलो.