ओवीनं आज चिठ्ठी वाचली!

घरीच मुलांना शिकवणाऱ्या सगळ्यांनो, आज मला हे ओरडून सांगायचंय!

माझी नऊ वर्षांची ओवी पुस्तक दिसलं की पळते. सकाळी दहाची वाचनाची वेळ म्हणजे आमच्याकडे रोजची रडारड. मी तर हात टेकले होते.

आजही ती पळाली, ती थेट शेजारच्या वनिताकाकूंच्या गोठ्यात. मी मागोमाग गेले. काकू परतवाड्याहून आणलेलं जंताचं औषध त्यांच्या चांदी बकरीला पाजायच्या तयारीत होत्या. ओवीनं औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी उचलली आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागली.

“गा... भण... जना... वरांना... देऊ नये.” मग एकदम किंचाळली, “काकू, थांबा! आपली चांदी तं गाभण हाये!”

काकूंचा हात तिथंच थांबला. मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, “बरं झालं विचारलं. हे देऊच नका.”

काकूंनी ओवीला पोटाशी धरलं. “पोरी, तू वाचलं म्हणून माही चांदी वाचली वं!”

त्यानंतर दुपारपर्यंत ओवी घरातलं प्रत्येक खोकं वाचत होती. मीठ, साबण, माझ्या गोळ्यासुद्धा! दहाचं वेळापत्रक मी आजच फाडलं.

तुमच्या मुलांनी स्वतःहून पहिल्यांदा काय वाचलं?