सभेच्या आधीचं इतिवृत्त

मंडळाच्या कार्यक्रमाचा अहवाल मी नेहमी कार्यक्रमाच्या आधीच लिहून ठेवायचे. सहा वर्षं इथे अमेरिकेत आमच्या गावच्या महाराष्ट्र मंडळाची सेक्रेटरी होते, त्यात एकदाही पंचाईत झाली नाही. 'कार्यक्रम अत्यंत उत्साहात पार पडला. बालकलाकारांनी उपस्थितांची मनं जिंकली. सुग्रास भोजनाने सांगता झाली.' यात चुकणार काय? बालकलाकार स्टेजवर भोकाड पसरून रडले तरी त्यांच्या आयांची मनं जिंकलेलीच असतात. कार्यक्रम संपला की पाहुण्यांचं नाव टाकायचं आणि अहवाल पाठवून द्यायचा. दुसऱ्या दिवशी लोक कौतुकाने म्हणायचे, "काय फास्ट आहेस गं तू!"

याच कीर्तीवर मला चार्टर शाळेच्या बोर्डावर सेक्रेटरी म्हणून घेतलं.

चार्टर शाळा हा इथला एक गमतीदार प्रकार आहे. पैसा सरकारचा, फी नाही, प्रवेश लॉटरीने, पण कारभार मात्र सरकारी खात्याकडे नाही. पालकांनी आणि आसपासच्या हौशी मंडळींनी एक बोर्ड करायचं आणि त्या बोर्डाने शाळा चालवायची. प्रिन्सिपॉल नेमायचा त्यांनीच, काढायचाही त्यांनीच. म्हणजे ज्यांनी शाळा फक्त बाकावर बसून पाहिली आहे अशा सात जणांच्या हातात एक अख्खी शाळा. आमच्या मॉरिसव्हिल गावात त्या लॉटरीत नंबर लागला की लोक पेढे वाटतात. आमची शाळा एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात भरते. जिमच्या भिंतीवर रंगाचे दोन थर देऊनही 'मॅट्रेस' हा शब्द पुसट दिसतो, आणि त्याच्या बरोबर खाली आमचं ध्येयवाक्य आहे, 'एक्सलन्स'.

बोर्डावर आम्ही चार मराठी, एक तेलुगू बाई आणि दोन अमेरिकन. अध्यक्ष पुण्याचे, एका सॉफ्टवेअर कंपनीत बऱ्याच वरच्या जागेवर. त्यांना कुणाचंही मत पटलं नाही की ते "आपण अलाइन्ड नाही आहोत" असं म्हणत. दुसरे डॉक्टरकाका, मराठी माणूस इथे शोधून सापडत नव्हता त्या काळात आलेले, आता निवृत्त. तिसरा नागपूरचा, डेटावाला, स्वभावाने इतका गोड की त्याचं स्वतःचं मत काय हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नसावं. आणि चौथी मी.

आमच्या प्रिन्सिपॉलबाई अमेरिकन, राज्याच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातल्या. उंच, सपाट चपला, आवाज असा की जिममध्ये माईक लागत नसे. त्या आल्या तेव्हा आमच्याकडे तिसरीतली मुलं पाचवीचं गणित करत होती आणि पाचवीतली सातवीचं. याला आम्ही प्रगती म्हणायचो. बाईंनी एकेका मुलाला समोर बसवलं आणि गणित सोडवून झाल्यावर विचारलं, "असं का करायचं?" मुलांनी तेच गणित पुन्हा सोडवून दाखवलं. अध्यक्षांच्या चिरंजीवांनी अपूर्णांकांचा भागाकार डोळे मिटून करून दाखवला. दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा असं विचारल्यावर ते म्हणाले, "बिकॉज माय डॅड सेड सो." बाईंनी त्याला सातवीच्या गणितातून काढून त्याच्या वयाच्या वर्गात बसवलं.

अध्यक्षांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एका मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवणं हा एवढा मोठा अन्याय असू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यांनी घरोघरी फोन केले आणि पाहता पाहता त्या एका मुलाचं दुःख समाजाचं दुःख झालं.

माझ्या मुलीची गोष्ट मात्र उलटी होती. दोन वर्षांपूर्वी, पाचवीत असताना, ती गणिताच्या नावाने उलट्या करायची. खरोखरीच्या. मी तिला एका क्लासला घालून, दुसऱ्याला घालून, आरडाओरडा करून पाहिलं. बाईंनी एक अख्खा हिवाळा स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत तिला ऑफिसात बसवून घेतलं आणि कागदाच्या पट्ट्या घड्या घालून, कापून, तिला अपूर्णांक शिकवले. मी त्यांना डबाभर चिवडा नेऊन दिला. तेवढ्यात फिटलं असं मला तेव्हा वाटलं होतं.

तर एका रविवारी आमच्या घरी मिसळ होती. अध्यक्ष, डॉक्टरकाका आणि नागपूरकर सहकुटुंब आले होते. दुसऱ्यांदा तर्री वाढताना अध्यक्ष म्हणाले, "बाईंचं काँट्रॅक्ट जूनमध्ये संपतंय. रिन्यू नको करूया. पेरेंट्स खूप अपसेट आहेत."

"कोण पेरेंट्स?" मी विचारलं.

"ऑल ऑफ देम," ते म्हणाले.

डॉक्टरकाका पाव मोडत म्हणाले, "बाई स्ट्रिक्ट आहे, पण वाईट नाही हो."

"काका, वाईट नाहीच आहे. फक्त अलाइन्ड नाहीये," अध्यक्ष म्हणाले. नागपूरकर म्हणाला, "हो ना यार," आणि विषय संपला. मी शेव आणायला आत गेले होते. परत आले तोवर एका बाईची नोकरी गेली होती आणि ताक कोणाकोणाला हवंय याची चौकशी चालली होती.

आता इथे कायदा असा आहे की बोर्डाचे निम्म्याहून जास्त लोक एकत्र जमून शाळेच्या कामाबद्दल बोलले, की ती सभा. तिची नोटीस आधी लावायची, आणि ज्याला यायचं त्याला येऊ द्यायचं. सातांतले चार. म्हणजे त्या रविवारी माझ्या डायनिंग टेबलावर रीतसर सार्वजनिक सभा भरली होती, फक्त सार्वजनिक कोणी नव्हतं. हे मला ठाऊक होतं. सेक्रेटरीला त्याचं ट्रेनिंग देतात, मी सर्टिफिकेटही घेतलं होतं. पण आपल्या घरी जेवायला आलेल्या माणसांना 'तुम्ही बेकायदेशीर आहात' असं कसं म्हणायचं?

पुढे मी जे केलं ते शुद्ध सवयीने. खरी सभा मंगळवारी होती. निर्णय तर झालाच होता, मग मंडळात करायचे तसं मी इतिवृत्त लिहून ठेवलं. कोणी ठराव मांडला, कोणी अनुमोदन दिलं, 'ठराव सर्वानुमते मंजूर', सभा आठ वाजून दहा मिनिटांनी संपली. आठ-दहा हे मी उगाच लिहिलं नव्हतं, अध्यक्षांना सव्वाआठला दुसरा कॉल असतो. मग शाळेच्या साइटवर सभेचा अजेंडा चढवायला बसले, आणि अजेंड्याऐवजी ही फाइल चढवली.

एक दिवसभर ती तिथे होती. सगळ्या गावाने वाचली. दोन दिवसांनी होणाऱ्या सभेत काय झालं ते लोकांना सविस्तर कळलं. बोर्डावरच्या एका अमेरिकन माणसाने, तो घरं विकण्याचा धंदा करतो, मला फोन करून अगदी सभ्यपणे विचारलं, "मी ठरावाच्या बाजूने मत दिलंय असं दिसतंय. मी तसं का केलं, ते काही सांगता येईल का?" अध्यक्षांनी फोनवर पाच मिनिटं फक्त श्वास घेतला. मग म्हणाले, "तू मिनिट्स आधी लिहितेस?" जणू काही त्या निर्णयाचं वाढपही मीच केलं होतं.

शाळेच्या वकिलाने सांगितलं, सभा कॅन्सल करा, नवी नोटीस लावा, पुन्हा पहिल्यापासून करा. मला वाटलं होतं की तो आमची खरडपट्टी काढेल. त्याला फक्त नोटिशीची काळजी होती. निर्णयाबद्दल त्याने चकार शब्द विचारला नाही. आम्ही नोटीस लावली.

नव्या सभेला जिम भरलं होतं. एरवी आमच्या सभांना एक आजोबा येतात, तेही एसीसाठी. त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या, आणि ज्यांना यायला जमलं नाही त्यांच्यासाठी स्टँडवर आयपॅड लावून सभा लाइव्ह दाखवत होते. सुरुवातीला ज्याला बोलायचंय त्याला तीन मिनिटं मिळतात. वेळ मी धरते, फोनवर. पाच-सहा पालक बोलले, बहुतेक बाईंच्या बाजूने. शेवटी बाई स्वतः उठल्या. हातात माझं इतिवृत्त होतं, छापून आणलेलं.

त्या म्हणाल्या, "मला तीन मिनिटं नकोत. यात लिहिलेलं बाकी सगळं तुम्ही खरं करून दाखवू शकता, तो तुमचा अधिकार आहे. पण शेवटच्या परिच्छेदात लिहिलंय की प्रिन्सिपॉलने बोर्डाचे आभार मानले. ते मी मानलेले नाहीत. ती ओळ काढा."

आणि बसल्या. मी टायमर थांबवला. दोन मिनिटं बावीस सेकंद उरली होती. ती ओळ मी मंडळाच्या सवयीनेच लिहिली होती, आभार प्रदर्शनाशिवाय आपला कुठला कार्यक्रम संपतो?

मग आम्ही सातजण दार लावून चर्चेला बसलो, त्याला कायद्याने परवानगी आहे. तिथे चित्र पालटलं. दोन्ही अमेरिकन आणि तेलुगू बाई स्पष्ट म्हणाले की ते ठरावाच्या विरोधात मत देणार. राहिलो आम्ही चौघं. डॉक्टरकाका चष्मा पुसत म्हणाले, "मला काही हे बरोबर वाटत नाहीये." नागपूरकर माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमचं काय, ताई?" अध्यक्षांनीही माझ्याकडे पाहिलं. चार विरुद्ध तीन, किंवा तीन विरुद्ध चार. एक हात.

मी म्हटलं, "बघूया." एवढंच म्हटलं.

मी काय बघणार होते? मला सगळं दिसत होतं. बाई बरोबर होत्या, आणि माझ्या मुलीचं गणित त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर नीट केलं होतं. पण अध्यक्षांकडे आमचा गणपती असतो. त्यांची बायको मराठी शाळा चालवते. दर शनिवार-रविवारी आम्ही ज्या घरांत जेवतो ती सगळी घरं त्यांची मित्रमंडळी. बाईंच्या बाजूने हात वर केला तर दिवाळीला आम्हाला कोण बोलावणार, हा विचार माझ्या मनात आला. पन्नाशीला आलेली, प्रमोशनं घेतलेली, टीम सांभाळणारी बाई मी, आणि मला एकटं पडायची भीती वाटली. दुसरं काही कारण नव्हतं. तत्त्वं वगैरे नंतर शोधून काढली.

आम्ही परत जिममध्ये आलो. अध्यक्ष म्हणाले, "ऑल इन फेव्हर?" हात वर गेले. माझाही गेला. चार विरुद्ध तीन. कोणीतरी मागून मोठ्याने 'शेम' म्हणालं. बाईंनी पर्स उचलली, शेजारच्या शिक्षिकेच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या दिवशीच्या फील्ड ट्रिपबद्दल तिच्याशी बोलत बाहेर गेल्या. घरी आल्यावर मी इतिवृत्तातलं 'सर्वानुमते' काढून आकडे घातले, आभाराची ओळ खोडली. वेळ नऊ वाजून पाच मिनिटं केली. बाकी फारसं बदलावं लागलं नाही.

नवऱ्याने विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, "झालं." मुलगी तिच्या खोलीत होती, दार लावलेलं.

आमच्या शाळेला बस नाही. सकाळी सगळे पालक गाडीने मुलांना सोडतात, रांग पार हमरस्त्यापर्यंत जाते. बाई दररोज पिवळं जॅकेट घालून, हातात वॉकीटॉकी घेऊन दाराशी उभ्या असतात आणि एकेका गाडीचं दार उघडून मुलांना उतरवून घेतात. सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळीही होत्या. काँट्रॅक्ट जूनपर्यंत होतं.

रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. मुलगी दप्तर मांडीवर घेऊन खिडकीशी बसली होती. मीच सुरू केलं, "हे बघ, बोर्डाचं काम असं असतं की कधीकधी सगळ्यांबरोबर जावं लागतं. बाकीच्या तिघांनी ठरवलंच होतं, मग मी एकटी काय..."

"आय वॉज वॉचिंग, आई," ती म्हणाली. "ऑन द लाइव्ह."

"मग पाहिलंस ना तू."

"नोबडी हॅड देअर हॅण्ड अप. ही आस्क्ड, अँड लाइक, नोबडी मूव्ह्ड. डॉक्टरआजोबा वॉज लुकिंग ॲट यू. एव्हरीबडी वॉज लुकिंग ॲट यू." ती खिडकीतून बाहेर बघत होती. "यू वेंट फर्स्ट."

ते खरं होतं. ती शांतता मला सहन झाली नव्हती, म्हणून माझा हात आधी गेला, आणि मग काकांचा, मग नागपूरकराचा, आणि सगळ्यात शेवटी अध्यक्षांचा, सावकाश. मला त्या गाडीत मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमचा नंबर आला. बाईंनी बाहेरून दार उघडलं आणि दोघींना "गुड मॉर्निंग" म्हटलं, रोज म्हणायच्या तसंच. मुलगी उतरली. तिने बाईंना काहीतरी सांगितलं, मला ऐकू आलं नाही, आणि बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवून तिला आत पाठवलं. मग माझ्या गाडीचं दार हळूच लावलं आणि हाताने मला पुढे व्हायची खूण केली, कारण मागे गाड्या थांबल्या होत्या.