इचोड्याची गोल्फ स्पर्धा आणि गौतमदादा

गौतमदादा गेल्याचा फोन मी शिकवतो त्या जैनथच्या शाळेत आला. शोभावहिनी एवढंच म्हणाल्या, "तुमचे दादा गेले जी... सकाळी चहा घेतला अन् गेले." मी सोबतच्या शिक्षकांना सांगितलं, तर त्यांतले इचोड्याचे एक जण लगेच म्हणाले, "गोल्फची स्पर्धा बंद पाडली, तेच ना?"

माझा हा चुलतभाऊ वीस-बावीस वर्षं याच ओळखीनं जगला. शेतमजुराच्या घरातला पहिला मॅट्रिक. इचोड्याजवळच्या एका दगडखाणीच्या कंपनीत कारकून झाला. मालक हैदराबादचे, गोल्फचे वेडे. माळावर त्यांनी नऊ भोकांचं मैदान करून घेतलं. हिरवळ कुठली... भोकांभोवती तेल चोपडलेली वाळू! पण दर हिवाळ्यात हैदराबाद-नागपूरचे व्यावसायिक खेळाडू यायचे, ढाबे भरून जायचे. दादा खेळाडूंसोबत चालत त्यांचे फटके मोजायचा.

शेवटच्या वर्षी मालकांचा पाहुणा जिंकत आला होता. बाभळीत गेलेला चेंडू त्यानं बुटानं हळूच बाहेर सारला. दादानं ते पंचांना सांगितलं.

"तुमने देखा?" पंचांनी विचारलं.

"देखा, साहब."

पाहुण्याला दंड बसला, नागपूरचा खेळाडू जिंकला. पाहुणा बक्षीस समारंभाला थांबलाच नाही. पुढच्या हिवाळ्यात स्पर्धा भरली नाही, ती कायमचीच. आणि गावात कुजबुज सुरू झाली... नागपूरवाल्यानं गौतमला फितवलं. ढाबेवाले त्याला बघून बोलायचे थांबत. मग दादाही बदलला. कोणी हसलं की विचारायचा, "काऊन हासून राह्यले?" देवळाच्या वर्गणीला आलेल्या माणसालाही तो कंपनीनं पाठवलेला समजायचा. घरातले कंटाळून गेले होते.

दादाच्या घरी पुण्यानुमोदनाच्या विधीला कंपनीचे एक निवृत्त इंजिनिअर आले होते. चहा घेता घेता ते मला हळूच म्हणाले, "टूर्नामेंट तो वैसे भी बंद होनी थी. मैदान के नीचे पत्थर था. नापजोख पहले ही हो चुकी थी."

"फिर किसी ने बोला क्यों नहीं?"

ते कपात बघत राहिले.

मी आत जाऊन वहिनींना सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. "तुमचे दादा हेच म्हनत. मैदानात मोजणीच्या लाल रंगाच्या खुणा पाह्यल्या होत्या त्याइनं. मालकाले दोष द्याले फक्त एक नाव पायजे होतं, म्हनत. मीच म्हनो, तुमाले साऱ्यातच काळं दिसते..." त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

बाहेरच्या खोलीत दादाची खुर्ची अजून पहिल्यासारखीच होती, पाठ भिंतीला, तोंड दाराकडे. पाहुणे दाटीवाटीनं खाली बसले होते, पण तिच्यात कोणी बसलं नव्हतं.

"बसा तुमी," वहिनी म्हणाल्या. "तिथून सारं दिसते."

मी बसलो. समोर उंबऱ्यापाशी इंजिनिअरसाहेब चपला घालत होते. मी बघत राहिलो... त्यांनी मान काही वर केली नाही.