टिकल्या हलू नयेत म्हणून

माझ्या चार वर्षांच्या मुलीच्या मेंदूत गाठ होती आणि तिच्या डाव्या डोळ्याची नजर उतरत चालली होती. नांदेडच्या दवाखान्यात तिचं डोकं भादरलं, त्यावर गोल टिकल्या चिकटवल्या आणि भूल देऊन मशीनमध्ये फोटो काढले. दुसऱ्या दिवशी ऑपरेशनच्या वेळी कम्प्युटर त्या टिकल्यांवरून फोटो आणि डोकं जुळवणार होता.

"टिकली सरकली, तर आमचं हत्यार एकीकडं आणि पडद्यावर दिसणार दुसरीकडं," डॉक्टर म्हणाले. म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा फोटो, आणि ऑपरेशन पुढं. डोळा तेवढे दिवस थांबणार नव्हता. मी पलंगापासून हललेच नाही.

संध्याकाळी औशाहून सासूबाई आल्या, तेलाची बाटली घेऊन. भादरलेलं डोकं बघून त्यांना राहवेना. टाळू भरायचीच म्हणाल्या. मी हात जोडून सांगितलं, आत्याबाई, तेलानं टिकल्या निघतील.

"लेकराचं डोस्कं तापून राहिलंय अन् तेल न्हाई म्हणतीस? कागदाच्या टिकल्यांनी बरं व्हतंय व्हय कुणी?"

त्यांनी तळहातावर तेल ओतलं आणि हात पुढं केला. मी मनगट धरून पिरगाळलं. बांगड्या फुटल्या, काच घुसली, चादरीवर तेल आणि रक्त एकच झालं. शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्यानं माझ्या कानाखाली जाळ काढला.

"माझ्या मायवर हात उचलतीस?"

केस धरून तो मला ओढत होता आणि सासूबाई पुन्हा पलंगाकडं निघाल्या होत्या. मी त्याच्या दंडाला कडकडून चावले. त्याची पकड सुटली तसं स्टूल उचललं.

"जो तिच्या डोस्क्याला हात लावल, त्याचं डोस्कं फोडीन."

फोडलंही असतं. वॉर्डातली माणसं भिंतीला टेकून उभी होती, पोरगी पलंगावरून माझ्याकडं बघत होती. शेवटी वॉचमननं त्या दोघांना बाहेर नेलं. मला लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन.

टिकल्या जागच्या जागी राहिल्या. ऑपरेशन ठरल्या वेळी झालं, गाठ निघाली, डोळा वाचला.

शुद्धीवर आल्यावर पोरीनं दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. गालावरून फिरवायला मी हात पुढं केला, तसे तिनं दोन्ही हात डोक्याच्या पट्टीवर धरले.

"मम्मी, म्या न्हाई हलवल्या टिकल्या," ती म्हणाली. "मला मारू नको."